सोनडोहच्या माशांची तोंडी परीक्षा

"हे काय आहे?" परीक्षक डॉ. वानखडेंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"मासं," रुक्माक्का म्हणाली आणि तिनं हातातली लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली. टेबलावर नेमका माझा प्रबंध होता. "जित्तं हायती. बघा की."

बरणीतलं पाणी हिंदकळलं आणि थोडं माझ्या प्रबंधाच्या काळ्या कव्हरवर, 'सार्वजनिक आरोग्य' या सोनेरी अक्षरांवर सांडलं. आत नखाएवढे मासे भांबावून फिरत होते. पडद्याशेजारी मी हातात लेझरची दांडी धरून उभी होते. तो लाल ठिपका कुठे पडला होता ते मला नंतर कळलं. माझे मार्गदर्शक कुंभोजकर सर त्या वेळी एका हातानं स्वतःच्या शर्टावरून काहीतरी झटकत होते.

रुक्माक्काच्या मागून बायका आत येतच होत्या. ठेवणीतली लुगडी, पातळं, केसांत अबोलीचे गजरे. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या काखेत पिशवी. सगळ्या जणी हॉलमधल्या गादीच्या खुर्च्या आधी दाबून बघत होत्या, मग हसून बसत होत्या. बाहेर पोर्चमध्ये कुलगुरूंच्या गाडीच्या जागेवर डाळिंबं वाहायचा टेम्पो उभा होता.

"आपण कोण?" वानखडे बाईंनी विचारलं.

"आमी हिच्या बाजूच्या," रुक्माक्का म्हणाली. माझ्याकडे बोट करून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते 'हिच्या बाजूच्या' आठवलं की मला आजही हसू येतं.

मी वासंती इंगवले. जतकडच्या दुष्काळी पट्ट्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी. करावीशी वाटली. लोकांना या वयात गुडघे दुखतात, मला हे दुखणं लागलं. प्रवेश परीक्षेला माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं मला पर्यवेक्षक समजून पुरवणी मागितली. मुलाखतीत एका तज्ज्ञांनी विचारलं, "या वयात कशाला?" मी म्हटलं, "दुसऱ्या वयात वेळ नव्हता." ते खूश झाले की रागावले हे मला कळलं नाही, पण माझं नाव यादीत लागलं.

नाव लागलं तरी मार्गदर्शक मिळाल्याशिवाय प्रवेश पक्का होत नव्हता. ज्यांच्याकडे जागा रिकामी होती असे एकटे कुंभोजकर सर उरले होते. अतिशय सज्जन माणूस, आणि अतिशय भित्रा. त्यांचे आधीचे विद्यार्थी एकामागून एक पळाले होते. एक दुबईला गेला, एकानं प्रसूतिगृह काढलं आणि एक मुलगी, सरांच्याच शब्दांत, "लग्नात वाया गेली." त्यांच्या हाताखाली आजवर एकही पीएच.डी. पूर्ण झाली नव्हती.

"तुमचं लग्न झालेलं आहे ना?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

"मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सर."

"उत्तम," असं म्हणून त्यांनी सही केली.

मग सुरू झाली ती अटींची शर्यत. आधी कोर्सवर्क, म्हणजे पुन्हा वर्गात बसणं. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नव्हतं, म्हणून मी शनिवारी ओपीडी संपवून एसटीनं सांगलीला जायची आणि संख्याशास्त्राच्या तासाला पहिल्या बाकावर झोपायची. मग विषयाचा आराखडा समितीपुढे. मग नैतिकता समितीची परवानगी. त्या समितीतल्या एका वकिलांनी विचारलं होतं, माशांची संमती घेणार का? ते गंमत करत होते असं मी आजही धरून चालते. मग दर सहामाहीला प्रगती अहवाल, दोन शोधनिबंध, सादरीकरण, वाङ्मयचौर्य तपासणी. संगणकानं माझा निम्मा प्रबंध चोरीचा ठरवला, कारण 'डेंग्यू हा डासांमुळे होणारा आजार आहे' हे वाक्य माझ्या आधी बऱ्याच लोकांनी लिहिलं होतं. आणि सगळ्यात शेवटी ही खुली तोंडी परीक्षा.

माझा विषय होता गप्पी मासे.

सोनडोह या गावाच्या नावात डोह आहे तेवढाच. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, बुधवारी यायचं. त्यामुळे घरोघरी निळी प्लॅस्टिकची टिपाडं आणि दारात रांजण. लोक जुन्या पाण्यावर नवं पाणी ओतायचे, तळाचं पाणी वर्षानुवर्षं तळाला. त्यात डासांच्या अळ्या सुखानं नांदायच्या. एका वर्षी डेंग्यूची मोठी साथ आली. रुक्माक्काचा नातू तेव्हा थोडक्यात वाचला. मी त्याला माझ्या गाडीत घालून मिरजेला नेलं होतं. तेव्हापासून गावात माझा शब्द चालायचा असं मला वाटायचं.

अळ्या खाणारे गप्पी मासे टिपाडात सोडायचे, दर गुरुवारी जाऊन घरोघरी मासे आहेत का आणि अळ्या आहेत का ते बॅटरी लावून बघायचं, असा माझा अभ्यास. तुलनेसाठी पलीकडचं एक गाव घेतलं होतं. तिथे मासे नाहीत, काही नाही. फक्त सुरुवातीला आणि शेवटी एकदा जाऊन मोजायचं.

आणि काय सांगू, सोनडोहनं मला थक्क करून सोडलं! दर गुरुवारी घरटी मासे हजर. पाणी आरशासारखं. अळी औषधालाही सापडायची नाही. पुढच्या पावसाळ्यात गावात डेंग्यूचा एकही रुग्ण नाही, आणि पलीकडच्या गावात पुन्हा साथ. आमची आशाताई कुसुम तर मला म्हणायची, "बाई, तुमी मासं न्हाई सोडलं, पुण्य सोडलं." बायकांनी माशांची नावं ठेवली होती. शेवंताच्या माशाचं नाव राजा. रुक्माक्काच्या मासोळीचं नाव गंगा. एका घरात तर माशाला मंत्र्याचं नाव होतं, तो पाण्यात नुसताच इकडून तिकडे फिरतो म्हणून.

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी गावात सहज बोलून गेले होते, "माझी परीक्षा आहे. सगळ्यांसमोर. कुणीही येऊन प्रश्न विचारू शकतं."

"कुणीबी?" रुक्माक्कानं विचारलं होतं.

"नियमच आहे तसा."

"आन् तुझ्या बाजूनं कोण?"

"माझ्या बाजूनं कुणी नसतं, अक्का. माझी मीच."

ती चुलीकडे वळली. मला वाटलं, विषय संपला.

तर त्या दिवशी हॉलमध्ये हा नियम खरा ठरला. आमच्या विभागात खुल्या परीक्षेला आजवर जे 'कुणीही' यायचं ते सामोसे वाटायची वेळ झाली की यायचं. सोनडोहच्या बायका प्रश्नोत्तरांच्या वेळी आल्या. त्यांना हटकायची हिंमत विभागप्रमुखांनाही झाली नाही, कारण बायकांनी येतानाच त्यांच्या हातावर शेंगाची पोळी ठेवली होती.

नागपूरहून आलेल्या बाह्य परीक्षक डॉ. यशोधरा वानखडे यांचा मोठा दरारा होता. त्यांनी म्हणे एका विद्यार्थ्याला त्याच्याच प्रबंधातली बेरीज फळ्यावर करायला लावली होती आणि तो अजून करतोय. सकाळपासून त्यांनी मला सोललं होतं. आता त्यांनी शांतपणे बरणी उचलली, प्रबंध रुमालानं पुसला आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"इंगवले, माझा प्रश्न तोच आहे. दर गुरुवारी जवळजवळ प्रत्येक घरी मासे जिवंत. मी तीस वर्षं या क्षेत्रात आहे. उन्हाळ्यात टिपाड तापतं, मासे मरतात. पोरं पकडून नेतात, मांजर खातं. एवढे मासे एवढे दिवस टिकलेले मी जगात कुठे पाहिले नाहीत. तुम्ही हे कसं समजावून सांगाल?"

मी म्हटलं, "लोकसहभाग, मॅडम."

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हंजी आमी," मागून रुक्माक्का उठली. "बाई, तुमाला खोटं वाटतंय व्हय? म्हणून तर साक्षीला आनल्यात. ही बघा गंगा. दोन वर्सांची हाय. ही चांगली पोटुशी हाय बघा."

"अक्का, तुम्ही बसा," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"बसू कशाला? तुज्या बाजूनं बोलतीया मी." तिनं पुढे येऊन बरणीवर बोट टेकवलं. "आन् ह्यो ह्यो काळ्या ठिपक्याचा, ह्योबी माझाच."

दुसऱ्या रांगेतून शेवंता उठली. शेवंता रुक्माक्काची शेजारीण. दोघींच्या परसात एकच भिंत आणि त्या भिंतीवरून त्यांचं भांडण जुनं.

"काळ्या ठिपक्याचा?" ती पुढे आली. तिनं बरणीत डोकावून बघितलं. "अगं बया! ह्यो तर माझा राजा! सा म्हैन्यांपासनं हुडकतीया मी याला!"

"तुझा कसा? माझ्या टिपाडात वाढलाय त्यो."

"वाढलाय? नेला हुतास तू तांब्यात घालून. गुरुवारी म्याडम यायच्या आदी नेलास आन् दिलाच न्हाईस माघारी!"

"शेवंते, तोंड सांभाळ."

"मी का सांभाळू? तुज्या घरात मासा कवा हुता गं? पयल्याच उनाळ्यात मेलं तुझं समदं मासं. दर गुरुवारी माझ्याकडनंच तर न्यायचीस!"

"आन् तू गं? तू पाटलांकडनं न्यायचीस! आन् पाटलीण खालच्या आळीतनं!"

बरणीतले मासेही थबकल्यासारखे वाटले. लेझरचा लाल ठिपका पुन्हा कुंभोजकर सरांच्या छातीवर जाऊन स्थिरावला. त्यांनी डोळे मिटले.

वानखडे बाई हळूच पुढे वाकल्या. "थांबा हं. म्हणजे इंगवले मॅडम एका घरातनं बाहेर पडल्या की त्या घरचे मासे पुढच्या घरी जायचे?"

"मागल्या दारानं," शेवंतानं खुलासा केला. मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"का पण?"

उत्तर कुसुमनं दिलं. ती आशाताई, बिचारी शेवटच्या रांगेत लपून बसली होती. "म्याडम, बाईंचं त्वांड एवढंसं हुतं वो. एका घरात मासा न्हाई दिसला की त्या दिवसभर जेवायच्या न्हाईत. मग आमाला बरं वाटायचं न्हाई. आक्काचा नातू वाचवलाय त्यांनी. मग म्हटलं, एवढ्यानं त्यास्नी आनंद हुतोय तर..."

गावानं माझ्या आनंदासाठी मासे फिरवले होते. ज्या आकड्यांवर माझं चौथं आणि पाचवं प्रकरण उभं होतं, ते सगळे मासे मिळून बहुधा एका तांब्यात मावत होते. माझी नोंदणी संपायला सहा महिने उरले होते. कुंभोजकर सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यांची ही एकुलती एक विद्यार्थिनी, आणि तिला तिच्याच बाजूच्या लोकांनी बुडवलं होतं.

मला रडू आलं असतं. पण त्याच वेळी पाटलीणबाईंनी मागून मोठ्यानं विचारलं, "मग आता ह्या पोरीला नापास करनार का?" आणि कुंभोजकर सर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते काहीतरी ठामपणे बोलणार असं वाटलं. ते म्हणाले, "चहा घेऊ या का?"

चहाला कुणी उठलं नाही. वानखडे बाईंनी प्रबंधाची ओली पानं उलटली आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं.

"मासे नव्हते, हे मान्य. पण अळ्याही नव्हत्या. तुम्ही स्वतः बॅटरी लावून बघितलंय. आणि त्या वर्षी तापही आला नाही, ते रुग्णालयाच्या नोंदीत आहे, ते कुणी तांब्यातनं नेलेलं नाही. मग मला सांगा, मासे नसताना या अळ्या गेल्या कुठे?"

मी तो तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. मला खरंच माहीत नव्हतं.

वानखडे बाई बायकांकडे वळल्या. "तुम्ही सांगा. अळ्या कुठे गेल्या?"

इतका वेळ एकमेकींच्या वर आवाज काढणाऱ्या त्या बायका एकदम मुक्या झाल्या. रुक्माक्का छताकडे बघायला लागली. शेवंता गजरा नीट करू लागली. कुणी पिशवीचं तोंड बांधलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण अशा ओशाळलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"अळ्या गेल्या," अखेर पाटलीणबाई म्हणाल्या. "जायच्या असत्यात त्या."

निर्णय असा झाला. नापास नाही, पण पदवीही नाही. सहा महिन्यांत प्रबंध दुरुस्त करायचा, अळ्या कुठे गेल्या याचं उत्तर आणायचं आणि पुन्हा तोंडी परीक्षा द्यायची. "तेव्हा मात्र," वानखडे बाई जाता जाता म्हणाल्या, "बरणी आणू नका."

टेम्पोत बसताना रुक्माक्कानं माझा हात धरला. "चुकलं का गं आमचं?"

मी म्हटलं, "नाही अक्का." खोटंच. मग तिनं माझ्या हातात उरलेल्या शेंगाच्या पोळ्या कोंबल्या. त्या रात्री मी त्यातल्या किती खाल्ल्या हे सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात मी न कळवता सोनडोहला गेले. सोमवारी सकाळी. प्रबंध लिहायला घेतल्यापासून माझ्या गुरुवारच्या फेऱ्या थांबल्या होत्या. गावात शिरले तर पोरं ओरडत पळाली, "डागदरीणबाई आल्या! डागदरीणबाई आल्या!" आणि माझ्या डोळ्यांदेखत दारं लागत गेली. ज्या गावात चहा प्यायल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हते तिथे मी रस्त्यावर एकटी उभी.

रुक्माक्काचं दार वाजवलं. ते चार बोटं उघडलं. फटीतून तिचा एक डोळा दिसला.

"आज कशाला आलीस?"

"पाणी बघायला."

"न सांगता? असं येत्यात व्हय कुणाच्या घरी? गुरुवारी ये."

"अक्का, मला आजच बघायचंय."

"आज न्हाई जमायचं. आज घर आवरल्यालं न्हाई."

"मला घर नाही, टिपाड बघायचंय."

"त्येच म्हनती मी!" असं म्हणून तिनं दार लावलं.

पाटलीणबाईंनी दारच उघडलं नाही, आतून फक्त "आमी गावाला गेलोय" एवढं सांगितलं. शेवटी शेवंताच्या घरी सासू झोपली होती म्हणून मी परसातून शिरले आणि टिपाडाचं झाकण उचललं. बॅटरी लावायचीही गरज पडली नाही. पाणी वळवळत होतं. मी पुढच्या टिपाडाकडे गेले, मग रांजणाकडे. तेच. प्रबंधातल्या त्या अळीशून्य गावात, सोमवारी, साथ आली होती त्या वर्षाइतक्याच अळ्या होत्या.

मला काही सुचेना. मी गाडीत बसले आणि जाताना पारावर मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "बरं, मी गुरुवारीच येते! मासे बघायला!"

आणि मी बुधवारी गेले. दुपारी, गाडी ओढ्यापलीकडे लावून, चालत.

वरच्या आळीच्या तोंडाशी आले आणि जागच्या जागी उभी राहिले. सगळी आळी ओली होती. प्रत्येक दारात टिपाड आडवं पाडलं होतं आणि त्यात कमरेपर्यंत शिरून एकेक बाई घासत होती. नुसती लुगडी आणि पाय दिसत होते. जुनं पाणी बादल्यांनी म्हशींना पाजलं जात होतं, धुण्याला वापरलं जात होतं, उरलेलं शेवग्याच्या आळ्यात जात होतं. काथ्याचा, राखेचा खसखस आवाज सगळीकडून येत होता. आळीच्या मधोमध, चिंचेखाली एका पातेल्यात गावाचे सगळे मासे ठेवले होते आणि कुसुम त्यांच्यावर लक्ष ठेवून बसली होती.

तिनं मला बघितलं आणि पातेल्यावर पदर झाकला.

"बाई! तुमी उद्या येनार म्हनाला हुतात!"

ते ऐकून टिपाडांतून एकेक डोकं बाहेर आलं. रुक्माक्काच्या गालाला राख लागली होती. हातात नारळाची शेंडी.

"अक्का, मी यायची तेव्हा हे दर बुधवारी करायचात?"

तिनं शेंडी राखेत बुडवली.

"सांगा ना. मी रागावले नाही."

"मग काय करायचं?" ती एकदम उखडली. "तू बॅटरी लावून भांड्याच्या तळाला बघनार. पाव्हनं येनार म्हटल्यावर घान ठेवतंय का कुणी? आदी आमी जुन्यावरच नवं पानी वतायचो. पर तू यायला लागलीस, आन् शेवंतीचं टिपाड लख्ख आन् माझ्यात किडं, असं दिसलं असतं तर तोंड कुठं दाखवायचं मी?"

"मग त्या दिवशी परीक्षेत हे का नाही सांगितलंत? बाई विचारत होत्या की, अळ्या गेल्या कुठे?"

रुक्माक्कानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच मठ्ठ आहे.

"येवढ्या शिकल्याल्या माणसांम्होरं सांगू व्हय, का आमच्या पान्यात किडं हुतं म्हणून? मासं न्हाई हुतं, येवढं सांगितलं ते काय थोडं झालं?"

शेवंता टिपाडातून म्हणाली, "हिच्यात हुतं. माझ्यात कवाच नव्हतं." आणि पुन्हा आत शिरली.

मी चिंचेखाली कुसुमच्या शेजारी बसले आणि हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. बायकांना वाटलं, परीक्षेचा डोक्यावर परिणाम झाला. एकीनं पाणी आणलं. ते अर्थातच ताजं होतं.

माझ्या माशांनी काहीही केलं नव्हतं. दर गुरुवारी पाहुणी येते, एवढ्यानं गावातली अळी संपली होती, आणि पाहुणी यायची थांबली तशी परत आली होती. पलीकडच्या गावात मी दोनदाच गेले होते, तिथे कुणी टिपाड घासलं नाही, तिथे ताप आला. इतक्या वर्षांच्या संशोधनात मी सगळं मोजलं होतं. स्वतःला मोजायचं राहून गेलं होतं.

मी ते महिने कसे काढले ते आता आठवतही नाही. दोन प्रकरणं नव्यानं लिहिली. आणि एक प्रयोग जोडला. दर आठवड्याला मी काही आयुष्यभर जाऊ शकत नव्हते, म्हणून माझ्याऐवजी वरच्या आळीच्या बायका खालच्या आळीत, खालच्या आळीच्या वरच्या आळीत पाहुण्या म्हणून जातील असं ठरवलं. कुणी कुणाचं टिपाड तपासायचं नाही. नुसतं चहा प्यायला जायचं. पण कोण कुणाकडे जाणार हे बुधवारी कळवायचं. रुक्माक्का आणि शेवंता यांना मी मुद्दाम एकमेकींच्या घरी पाठवलं. त्या दोन घरांतली टिपाडं इतकी चकाकायला लागली की उन्हात डोळे दिपायचे. सोनडोहमध्ये पुन्हा एकदा अळी दिसेना, आणि या वेळी मी न कळवता, सोमवारीही जाऊन बघत होते.

प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागलं. त्यासाठी वेगळी समिती, वेगळी सही. कुंभोजकर सर निवृत्तीनंतरही रोज विभागात येऊन बसत. त्यांची खुर्ची दुसऱ्याला मिळाली होती म्हणून ते जिन्यात बसून माझी पानं तपासायचे. "पळून जाऊ नका हं," अधूनमधून म्हणायचे. मी म्हणायची, "सर, आता कुठे जाऊ?"

दुसऱ्या तोंडी परीक्षेला बायकांना येऊ नका असं मी हात जोडून सांगितलं. त्या आल्या नाहीत. त्याऐवजी कुंभोजकर सर आले, नव्या कोऱ्या सदऱ्यात, आणि पहिल्या रांगेत माझ्या बाजूला बसले.

वानखडे बाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. एकदा विचारलं, "मासे काढून टाकलेत का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, बायका देत नाहीत. राजाला चार पिल्लं झालीत." त्या म्हणाल्या, "राजाला?" मी म्हटलं, "तिथंही आमची नोंद चुकलीच होती." मग त्या हसल्या. हॉलमधल्या सगळ्यांनी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण सगळे घाबरले.

सही झाली. शिक्का बसला. कुंभोजकर सरांनी डोळे पुसले आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून माझ्या प्रबंधावरून हात फिरवला. त्यांची पहिली आणि शेवटची पीएच.डी.

निघताना वानखडे बाई दारात थांबल्या. "इंगवले, माझी गाडी रविवारी रात्रीची आहे. तोवर मी सांगलीतच आहे. तुमच्याकडे भाकरी-पिठलं मिळेल का? हॉटेलचं खाऊन कंटाळा आला."

"अवश्य या की मॅडम!"

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. माझे यजमान धनंजय बँकेत कारकून, त्या दिवशी रजा टाकून घरी. त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. मी डॉक्टर झाले. आता दोनदा."

पलीकडे त्यांनी नाक शिंकरलं. मग मी म्हटलं, "आणि हो, रविवारी वानखडे बाई जेवायला येणार आहेत आपल्याकडे."

"कोण, त्या डासांवाल्या?"

"हो."

मग मला गच्चीच्या जिन्यावर त्यांच्या चपलांचा फटफट आवाज ऐकू आला, आणि टाकीचं झाकण सरकवल्याचा.

"वासंती," ते हळूच म्हणाले, "येताना एक मोठा ब्रश घेऊन ये."